सगळ्यांनी एकच डेटा स्टँडर्ड वापरलं तर बँकांचं रेग्युलेटरी रिपोर्टिंग खरंच सुधारतं का, की आणखी एक फॉरमॅट डोक्यावर बसतो?

सुधारतं, पण फॉरमॅटमुळे कमी आणि व्याख्येमुळे जास्त. बँकेच्या रिपोर्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगतो.

एकदा महिनाअखेरीच्या दोन रिटर्नमध्ये (नियामकाला पाठवायच्या अहवालांत) एकाच कर्जाचा आउटस्टँडिंग, म्हणजे येणं बाकी, वेगवेगळा गेला. नियामकाकडून विचारणा आली. तीन दिवस एक्सेलमध्ये डोकं घातल्यावर कळलं की एका टीमने चढलेलं व्याज धरलं होतं, दुसरीने नुसतं मुद्दल. दोघांच्याही फायली एक्सबीआरएलच्या (प्रत्येक आकड्याला टॅग, म्हणजे ठरलेली खूण, लावून अहवाल पाठवायच्या फॉरमॅटच्या) सगळ्या तपासण्यांतून सुखरूप पार झाल्या होत्या! रकाना कुठला ते टॅग सांगतो. आपल्या सिस्टिममधलं कुठलं फील्ड त्यात ओतायचं, हे ज्याचं तो ठरवतो. घोळ तिथे होतो.

युरोपियन सेंट्रल बँक आणि काही बँका मिळून जो ‘बर्ड’ नावाचा शब्दकोश बनवतात, तो मला म्हणूनच जास्त कामाचा वाटतो. कच्च्या नोंदीपासून रिटर्नमधल्या आकड्यापर्यंत कसं पोचायचं, ते नियम त्यात लिहिलेले आहेत. वापरायची सक्ती नाही.

दुसरं उदाहरण एलईआयचं, म्हणजे ‘लीगल एंटिटी आयडेंटिफायर’ या ओळख-कोडचं. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा कोणाचे किती पैसे तिच्या कुठल्या कंपनीत अडकलेत, हे चटकन सांगता येईना. त्यातून पुढे कंपन्यांसाठी २० अक्षरांचा हा जागतिक कोड आला (आयएसओ १७४४२). शेवटचे दोन अंक पडताळणीचे असतात, त्यामुळे टाइप करतानाची चूक बहुतेक वेळा जागीच पकडली जाते. आमच्याकडे एकच कंपनी ‘लि.’, ‘लिमिटेड’ आणि ‘प्रा. लि.’ अशा तीन नावांनी तीन ग्राहक बनून बसली होती. कोड जोडल्यावर तिन्ही खाती एकत्र आली आणि मोठ्या कर्जदारांच्या अहवालात तिचा आकडा एकदम फुगला. वरिष्ठांचे चेहरे बघण्यासारखे होते, पण खरा आकडा तोच होता.

फुकट मात्र काही नाही. जुन्या सिस्टिमचं मॅपिंग, म्हणजे कुठलं फील्ड कुठल्या रकान्यात जातं ते जुळवणं, जीव काढतं, आणि एलईआयचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं की कोड ‘लॅप्स्ड’ दिसतो आणि ग्राहकामागे फोन करत बसावं लागतं.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी सॉफ्टवेअर घेऊ नका. ज्या रिटर्नवर सर्वाधिक विचारणा येतात ते एक घ्या आणि त्याच्या प्रत्येक रकान्यापुढे लिहा: कुठली सिस्टिम, कुठलं फील्ड, व्याज धरून की सोडून.