नोकरी लागल्यावर प्रार्थना कोरडी झाली, म्हणजे विश्वास गेला का?

तुमचा प्रश्न असा आहे : "कॉलेजात असताना प्रार्थनेत डोळे भरून यायचे. नोकरी लागून दीड वर्ष झालं, आता काहीच वाटत नाही. रविवारी चर्चमध्ये जाते तीही सवयीनं. माझा विश्वास गेला असं समजू का?"

नका समजू. मीही या वाटेनं गेले आहे, म्हणून लिहायला बसले. उत्तर लांबेल.

मी मिरजेची. एम.कॉम. कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात केलं. दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण राजाराम तलावाच्या बाजूला जमायचो. एकाकडे गिटार होती, एक जण सोलापूरहून आलेला, दोघी कोकणातल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचो. देव तेव्हा मला अगदी शेजारी बसल्यासारखा वाटायचा, आणि हे असंच राहणार याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती.

मग सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाचं काम मिळालं. नवी हळद यायला लागली की मे महिन्यापर्यंत दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. सौदे, वजनं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या म्हणजे विक्रीचे हिशेब, हमाली, तोलाई. मार्चअखेर असली की रविवारही गेला. रात्री घरी येऊन पवित्र शास्त्र उघडायचं आणि दुसऱ्या ओळीवर डोळा लागायचा. हळूहळू उघडणंच थांबलं. चार महिने मी मनापासून एकही प्रार्थना केली नाही. पप्पा-मम्मींना कळलं नाही, आमच्या पाळकांना कळलं नाही. उपासनेत गाणं सुरू झालं की माझेही ओठ हलायचे.

त्या चार महिन्यांतली एक संध्याकाळ सांगते. दिवसभराच्या पट्ट्या तपासताना दिसलं, अथणीकडच्या एका शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली दोनदा कापली गेली होती. चूक माझीच. रक्कम १,१८० रुपये. माणूस कन्नड बोलणारा, मराठी वाचता न येणारा. पैसे घेऊन गेलेला. शेठजी बाहेरगावी होते. गप्प बसले असते तर जगात कुणालाही कळलं नसतं. मी आमच्या एका कन्नड येणाऱ्या हमालमामांना फोन हातात दिला आणि म्हटलं, त्यांना सांगा, पैसे राहिलेत, पुढच्या खेपेला घेऊन जा. त्या क्षणी मला देवाची आठवण वगैरे काही झाली नव्हती. डोक्यात फक्त रविवारच्या शाळेत पाठ केलेलं नीतिसूत्रांतलं खोट्या तराजूबद्दलचं वचन होतं, परमेश्वराला त्याचा वीट येतो ते.

परतीच्या बसमध्ये मात्र थांबून विचार आला. चार महिने मी देवाशी बोलले नव्हते. मग ते वचन कुठून आलं? जी गोष्ट माझ्यातून निघून गेली असं मी समजत होते, तिनंच तर मला फोन करायला लावला होता.

पुढं कधीतरी त्याच हमालमामांबरोबर हरिपूरला जाणं झालं. तुम्ही सांगलीकडच्या नसाल तर सांगते : कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद साठवायची पेवं आहेत. जमिनीत तीन-चार पुरुष खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. तोंड बंद केलं की हवा जात नाही, कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात पाणी शिरून यातली बरीच पेवं वाया गेली. मामा म्हणाले, पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आत प्राणवायू नसतो, माणूस गुदमरून मरतो. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. तो जळत राहिला तरच माणूस खाली जातो.

मी तिथं उभी राहून खाली बघत होते. अंधार, काही दिसेना. पण आत हळद होती, आणि ती सुकी, खणखणीत होती.

पेवावरून सगळं सिद्ध होतं असा माझा दावा नाही. पण त्या दिवसानंतर मी पहिल्यांदा स्तोत्रसंहिता नीट वाचली, लहानपणापासून पाठ असलेलं तेविसावं स्तोत्र सोडून बाकीची. अठ्ठ्याऐंशीवं वाचा. तेरावं, बेचाळिसावं ही स्तोत्रंही विव्हळतात, पण शेवटी आशेकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं वळतच नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. ज्यानं ते लिहिलं त्याला काही बरं वाटत नव्हतं, पण तो बोलत होता, आणि देवाशीच बोलत होता. मला त्या दिवसांत याहून मोठा आधार मिळाला नाही.

दुसरी गोष्ट. कॉलेजात आपण सगळे एकाच विश्वासाचे असतो, निदान शुक्रवारी तरी. कामाच्या ठिकाणी तुम्ही एकट्या असता. पहिल्या दिवाळीला दुकानात वहीपूजन होतं. हिशेब संगणकात असला तरी लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी पुजतातच. मी पोटात दुखतंय सांगून घरी निघून आले. खोटं बोलले. माझ्या विश्वासाला सगळ्यात मोठी इजा मी त्या संध्याकाळी केली असं मला आजही वाटतं, कारण पूजेचं कोडं सोडवण्याऐवजी मी प्रभूचं नाव लपवलं.

दुसऱ्या वर्षी आठ दिवस आधीच शेठजींना म्हटलं, "फुलं आणते, चोपड्या मांडते, सगळी तयारी करते. पण आरतीत हात जोडणार नाही. मी ख्रिस्ती आहे." ते क्षणभर बघत राहिले. म्हणाले, "अगं, मग गेल्या साली सांगायचं की. आरतीच्या वेळी बाहेर फोन तू बघ." एवढंच. वर्षभर मी ज्याचा धसका घेतला होता ते एका मिनिटात झालं.

पूजेच्या पेढ्याचं मात्र एका मिनिटात झालं नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, आठव्या ते दहाव्या अध्यायात पौलानं नेमका हाच प्रश्न घेतलाय : मूर्तीला वाहिलेलं खावं का? तो एका शब्दात उत्तर देत नाही. उपासना एकाच देवाची, यावर तो ठाम आहे. अन्नानं आपण देवाच्या जवळही जात नाही की दूरही, हेही म्हणतो. आणि तुमच्या खाण्यानं दुसऱ्या कुणाचं मन डळमळत असेल तर थांबा, असंही. मी पेढा खाते, शेठजींच्या घरचा मान म्हणून. माझी मावशी खात नाही. ती दिवाळीला आमच्याकडे असली तर मी पुडा घरी नेत नाही. मावशी चुकीची आहे असं मला वाटत नाही.

तुमच्यासारखीच मलाही एक भीती होती, की एकदा मिळालं ते आता उतरणीला लागलं. तेव्हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं आयुष्य आठवा. बाप्तिस्मा १८९५ साली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. आणि १९१७ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि आमच्या शेजारच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती. दोनच वर्षांत ते गेले. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी माणूस पुन्हा नव्यानं घराबाहेर पडतो, आणि आपण दीड वर्षात हिशेब मिटवायला निघालोय.

आता मी काय करते ते विचाराल. मोठं काही नाही. बसमध्ये वानलेसवाडीचा थांबा गेला की फोन पिशवीत टाकते आणि मिरज येईपर्यंत एक स्तोत्र वाचते. वाटो, न वाटो. पाळकांशी एकदा बोलले, तुम्हीही बोला. हे ऐकून ते दचकत नाहीत. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांनाही भेटा. त्यात विश्वास कमी पडतो असं काही नसतं.

आणि मंगळवारी आमच्या गल्लीतल्या आजींकडे जाते. त्या मिशनच्या हॉस्पिटलात आया होत्या, आता मोतीबिंदूमुळं वाचता येत नाही. १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी सुरू केलेलं ते हॉस्पिटल; बसचा थांबा त्यांच्याच नावाचा. आजी सांगतात, त्यांच्या वेळी ऑपरेशनच्या आधी तिथले डॉक्टर हात धुवायचे आणि पेशंटपाशी उभं राहून प्रार्थना करायचे. मी एकदा विचारलं, रोज तेच करून त्यांना काही वाटत असेल का हो? आजी म्हणाल्या, "वाटू दे नाहीतर नको. हात रोज धुतले की नाही?"

तुमच्याबद्दल मी त्यांना सांगितलंय. नाव विचारलं त्यांनी, ते मला माहीत नव्हतं. तरी या मंगळवारी आम्ही दोघींनी तुमच्यासाठी प्रार्थना केली. मिरजेला कधी आलात तर घेऊन ये म्हणाल्यात. सहानंतर आम्ही तिथंच असतो.