'पुट ऑफ'च्या पुढं टिल लावायचं, टू की बाय?

तारीख सांगताय की किती दिवस, त्यावर आहे. समजा शिरोली एमआयडीसीतनं पार्टीला मेल करताय. डिलिव्हरी सोमवारवर ढकलली तर 'पुट ऑफ टिल मंडे'. 'टू'ही कानावर येतं, पण 'टिल' बिनधास्त लिहा. दोन दिवस ढकलली तर 'पुट ऑफ बाय टू डेज'. खरा घोळ 'बाय मंडे'चा. ते मुदतीसाठी असतं: 'सेंड बॅक द ड्रॉइंग बाय मंडे', म्हणजे फार तर सोमवारपर्यंत. पुढं ढकलण्याला ते चालत नाही.

काम अलीकडं ओढलं तर 'ब्रिंग फॉरवर्ड टू फ्रायडे'. 'प्रीपोन' कोल्हापुरात खपतं, लंडनच्या गिऱ्हाइकाला नको. आणि 'इट' आलं तर ते 'पुट' अन् 'ऑफ'च्या मधोमध, वेळ शेवटी: 'पुट इट ऑफ टिल मंडे'.