चोर समजून मारलं तर बिघडलं कुठं?

प्रश्न: नमस्कार संपादक साहेब. आम्ही शेळगी भागात राहतो. उन्हाळ्यापासून चोऱ्या लय वाढल्यात, दोन घरं फोडली, एका म्हातारीचं गंठण गेलं, मोटरसायकलींचं तर विचारूच नका. पोलीस येतात, पंचनामा करतात, जातात. म्हणून आम्ही पोरांनी रात्रीची गस्त सुरू केली. मागच्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमाराला एक अनोळखी पोरगा गल्लीतून चाललेला, हाक मारली तर पळायला लागला, धरला. पिशवीत जेवणाचा डबा, एक पाना आणि स्क्रू ड्रायव्हर. म्हणत होता कारखान्यातून सुटून घरी चाललोय. कुणालाच पटलं नाही, लाईटच्या खांबाला बांधून पोरांनी हात साफ करून घेतले, व्हिडिओ ग्रुपवर गेला. सकाळी पोलीस आले ते उलट आमच्यावरच भडकले, आता म्हणे आमच्यावरच केस होणार. चोर दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटून येतो, मग पब्लिकनं हात उचलला तर बिघडलं कुठं? नागपूरला बायकांनी कोर्टात गुंडाला संपवलं तेव्हा सगळ्यांनी कौतुकच केलं होतं की!
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: दादा, तुमचा राग खरा आहे. म्हातारीचं गंठण जातं तेव्हा नुसतं सोनं जात नाही, ती परत एकटी दारात बसायला घाबरते, आणि त्यावर पोलीस कागद भरून निघून गेले की माणूस पेटतोच. गस्त घातली त्यात काहीच वाईट नाही, उलट चांगलं केलं. बिघडलं ते खांबापाशी.

चोर पकडायचा अधिकार साध्या नागरिकालाही आहे, बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० बघा. दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्क म्हणून मिळत नाही असा गुन्हा तुमच्या डोळ्यादेखत झाला तर तुम्ही त्या माणसाला धरून ठेवू शकता, पण विनाकारण उशीर न करता, आणि कसंही करून सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. यात डोळ्यादेखत हे महत्त्वाचं. तुमच्यापैकी कुणी त्या पोराला कुलूप तोडताना पाहिलं का? गाडीला हात लावताना पाहिलं का? तुमच्याच पत्रात तसं काही नाही. रात्री दोनला रस्त्यानं चालणं हा काही गुन्हा नाही, आणि अंधारात दहाबारा जण काठ्या घेऊन अंगावर आल्यावर पळणं तर अजिबातच नाही, मी पण पळालो असतो आणि तुम्ही पण.

आणि तो पाना, स्क्रू ड्रायव्हर. अहो, आपण सोलापूरचे, यंत्रमागाचं गाव आपलं! मागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करायचं काम करणाऱ्याच्या पिशवीत दुसरं काय असणार? नाईट करणारी किती पोरं अशीच डबा हातात घेऊन पायी घरी जातात. त्यानं कारखाना सांगितला होता तर एकानं मालकाला नाहीतर मुकादमाला एक फोन लावायचा होता, दोन मिनिटांत खरं खोटं कळलं असतं. व्हिडिओ काढायला मोबाईल होता, फोन करायला नव्हता का? हे मी तुम्हाला टोचायला म्हणून लिहीत नाही, मला खरंच वाईट वाटलं ते वाचून.

आता राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं हे गाव, आठवडी बाजाराचा दिवस. व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा होती. भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांनी धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. मुलं पळवणारं त्यात कुणीच नव्हतं. आणि ते होते कुठले? बहुतेक जण आपल्याच जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. पोटासाठी एवढ्या लांब गेलेली माणसं, त्यांचे मृतदेह आपल्याकडं आले. तिथं मारणाऱ्यांना पण वाटलंच असणार की आपण आपली लेकरं वाचवतोय, एकालाही आपण खून करतोय असं वाटलं नसणार. म्हणून मला गर्दीच्या न्यायाची भीती वाटते. गर्दीला कुणी थांब म्हणत नाही, कुणी पुरावा मागत नाही, आणि मार पडतो तो नेहमी परक्याला, गरिबाला, ज्याच्यामागं ओळखीचा नगरसेवक नाही त्याला. गल्लीत दोन वाजता कारमधून कुणी साहेब उतरला असता तर त्याची पिशवी तपासली असती का हो?

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, सुप्रीम कोर्टानं १७ जुलै २०१८ ला तहसीन पूनावाला केसमध्ये असे जमावाचे हल्ले रोखायला प्रत्येक जिल्ह्यात एक जबाबदार (नोडल) अधिकारी नेमायला सांगितलं. आता भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आहे. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर जन्मठेप किंवा फाशी. आणि असं कारण नसलं तरी कलम १९० आहे, बेकायदा जमावानं समान हेतूनं गुन्हा केला तर जमावातला प्रत्येक जण दोषी. मी फक्त दोरी बांधली, मी फक्त शूटिंग करत होतो, असं म्हणून सुटता येईल असं समजू नका. तो पोरगा वाचला हे त्याचंही नशीब आणि तुमचंही.

नागपूरचं म्हणाल तर ते प्रकरण वेगळं होतं. १३ ऑगस्ट २००४, अक्कू यादव. कस्तुरबा नगरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं त्याचे अत्याचार सोसले, पोलिसांकडे गेल्या तर दाद मिळेना, मग कोर्टाच्या खोलीत त्यांचा बांध फुटला. खटला चालला आणि २०१४ ला आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण त्यांना माहीत होतं समोर कोण उभा आहे, त्यांनी स्वतः भोगलं होतं. तुम्हाला त्या पोराचं नाव तरी माहीत होतं का? नागपूरच्या प्रकरणात लाज वाटायला पाहिजे ती पोलीस यंत्रणेला, त्यावरून आपण खांबाला बांधायची परवानगी काढू शकत नाही.

जामिनाचा राग मला कळतो, पण जामीन म्हणजे निर्दोष नाही, खटला उभाच असतो. केस पडते कशी ते बघा, पंच व्हायला कुणी तयार नसतं, साक्षीला तारीख पडली की लोक गावाला जातात, आणि खरा चोर जरी सापडला तरी तुम्ही त्याला मारून कबूल करून घेतलेलं कोर्टात टिकत नाही, उलट अंगावरचे वळ दाखवून वकील सहानुभूती मिळवतो.

आता करायचं काय. गस्त बंद करू नका, पण पोलीस ठाण्यात गस्तीवाल्यांची नावं लेखी द्या. संशय आला की ११२ लावा, माणसाला बसवा, पाणी द्या, हात लावू नका. तक्रार घेत नसतील तर ऑनलाईन द्या, तीन दिवसांत जाऊन सही करायची, तरी नाही तर आयुक्तालयात वरिष्ठांकडे पोस्टानं, तिथंही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. चिकाटी लागते, पण पाठपुरावा करणाऱ्याची तक्रार दाबणं अवघड जातं. तुमच्या केससाठी आजच चांगला वकील गाठा, व्हिडिओ डिलीट करायच्या नादाला लागू नका, पुरावा नष्ट केल्याचं नवीन लफडं व्हायचं. आणि त्या पोराच्या घरी कुणी मोठं माणूस घेऊन जा, दवाखान्याचा खर्च द्या, त्याच्या आईपुढं हात जोडा. केस मिटावी म्हणून नको, त्याला लागलंय म्हणून जा.

प्रश्न: सर, मिस्टर नाईटला असतात, मी आणि मुली घरात एकट्या. रात्री कुणी दार फोडून आत आलं तर आम्ही पण हात लावायचा नाही का?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, जरूर लावायचा. स्वसंरक्षण हा तुमचा हक्क आहे, न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ त्याच्यावरच आहेत. जिवावर बेतलं, बलात्काराचा, पळवून नेण्याचा किंवा अ‍ॅसिडचा हल्ला असला तर बचावात समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूनं आहे. सूर्यास्तानंतर घर फोडून घुसणाऱ्याच्या बाबतीतही, तो आत आहे तोवर, हा हक्क तेवढाच मोठा आहे. हातात येईल ते मारा, ओरडा, शेजाऱ्यांना उठवा. तो पळून गेला किंवा बेशुद्ध पडला की मात्र थांबायचं, दार लावून ११२ फिरवायचा.