बंद दारामागचा आर्थर रॅडली

प्रश्न : मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकते. हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीवर आम्हांला निबंध लिहायचा आहे. माझ्याकडील टिपणांत 'बू रॅडली हे निष्पापतेचे प्रतीक आहे' एवढे एकच वाक्य आहे आणि ते मला अपुरे वाटते. जो माणूस शेवटच्या काही प्रकरणांपर्यंत नीट दिसतही नाही, त्याच्यावाचून एका मुलीच्या मोठे होण्याची गोष्ट पूर्ण का होत नाही?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपली शंका रास्त आहे. टिपणातील वाक्य खोटे नाही. पण ते कादंबरीच्या अखेरीला लागू पडते आणि तिथवर पोहोचण्याची सगळी वाट वगळून टाकते. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या या कादंबरीचे सामर्थ्य त्या वाटेतच आहे.

कथा घडते ती १९३०च्या दशकातील मंदीच्या काळात, अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मेकोम या काल्पनिक गावी. सहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची स्काउट, तिचा मोठा भाऊ जेम आणि सुट्टीत येणारा त्यांचा मित्र डिल यांना शेजारच्या घरात दाराआड राहणारा बू माहीत असतो तो केवळ ऐकीव गोष्टींतून. तो साडेसहा फूट उंच आहे, खारी आणि मांजरे कच्ची खातो, त्याच्या अंगणातील झाडाचे शाळेच्या आवारात पडलेले फळही विषारी असते, असे गाव मानते. दांडिया बाजारातील एखाद्या जुन्या वाड्यात वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेल्या खोलीविषयी मुले जशा कथा रचतात आणि मोठी माणसे त्या खोडून काढत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. या टप्प्यावर बू कशाचेच प्रतीक नाही. तो एक कोरी जागा आहे आणि तिच्यावर गावाने आपली भीती लिहून ठेवली आहे. मुलांना ही माहिती कोठून मिळते तेही पाहावे : बूने आपल्या वडिलांच्या पायात कात्री खुपसल्याची गोष्ट जेमने ऐकली आहे ती स्टेफनी क्रॉफर्ड या शेजारणीकडून, म्हणजे गावच्या गप्पांच्या मुख्य उगमाकडून. दुसऱ्या शेजारीण मिस मॉडी मात्र एवढेच सांगतात की, त्याचे नाव आर्थर आहे आणि तो जिवंत आहे.

यानंतर रॅडलींच्या आवाराच्या कडेला असलेल्या ओकच्या ढोलीत वस्तू सापडू लागतात : च्युइंग गम, जुनी नाणी, साबणात कोरलेल्या मुलगा-मुलीच्या दोन बाहुल्या, एक पदक, बंद पडलेले खिशातले घड्याळ. माझ्या मते संपूर्ण कादंबरीची कळ या बाहुल्यांत आहे. त्या जेम आणि स्काउटसारख्याच दिसतात, अगदी केसांच्या वळणापर्यंत. याचा अर्थ असा की, आपण बूवर पाळत ठेवत आहोत असे मुलांना वाटत असताना तोच त्यांच्याकडे निरखून आणि मायेने पाहत होता. त्याच्याविषयी गोष्टी रचणाऱ्यांना त्याने आधीच ओळखले होते. झाड मरत आहे असे कारण देऊन बूचा भाऊ नेथन ती ढोली सिमेंटने बुजवतो, आणि झाड निरोगी असल्याचे मुलांच्या वडिलांनी, ॲटिकसने, सांगितल्यावर जेम एकटाच ओसरीवर उभा राहून रडतो. त्या रडण्याचे कारण स्काउटला तेव्हा उमगत नाही. मुले एकाच दिवशी, एकाच मापाने मोठी होत नसतात, हे लेखिकेने येथे एका शब्दाचेही स्पष्टीकरण न देता दाखवले आहे. पुढे मिस मॉडींच्या घराला आग लागते त्या थंडीच्या रात्री स्काउटच्या अंगावर नकळत कोणीतरी पांघरूण घालते. ते बूने घातले हे कळल्यावर तिला कृतज्ञता वाटत नाही. भीतीने तिच्या पोटात ढवळून येते. पुरावा हाती आला तरी भीती लगेच जात नाही, हे मला फार खरे वाटते.

मॉकिंगबर्ड या गाणाऱ्या, निरुपद्रवी पक्ष्याविषयीचे प्रसिद्ध वाक्य बंदुकीच्या संदर्भात ॲटिकस उच्चारतो : त्या पक्ष्याला मारणे हे पाप आहे. ही प्रतिमा बूला लागू करताना टॉम रॉबिन्सनला विसरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. निकामी डाव्या हाताचा हा कृष्णवर्णीय माणूस बलात्काराच्या खोट्या आरोपातून निरपराध असल्याचे भर न्यायालयात दिसत असूनही दोषी ठरतो आणि तुरुंगातून पळताना गोळ्यांना बळी पडतो. त्याच्या मृत्यूची तुलना गावचे संपादक गाणाऱ्या पक्ष्यांच्या निरर्थक हत्येशी करतात. उलट, टॉमवर आरोप करणारा बॉब यूएल मुलांवर हल्ला करतो आणि त्यांना वाचवताना बूच्या हातून त्याचा मृत्यू होतो, तेव्हा शेरीफ, म्हणजे तिथले पोलीस अधिकारी, हेक टेट प्रकरण बाहेर येऊ देत नाहीत, कारण त्या भिडस्त माणसाला उजेडात ओढणे हे पाप ठरेल असे त्यांना वाटते. दोघेही निरुपद्रवी, दोघेही अफवेचे आणि पूर्वग्रहाचे बळी. पण एकाला गावाचे मौन वाचवते आणि दुसऱ्याला उघड सत्यही वाचवू शकत नाही. बू गोरा आहे आणि गावातील जुन्या घराण्याचा आहे. 'निष्पापतेचे प्रतीक' या शब्दांत हा फरक पुसला जातो, म्हणूनच ते वाक्य मला धोक्याचे वाटते.

स्काउटची वाढ मात्र या फरकापाशी थांबत नाही. जेमच्या खोलीत भिंतीला टेकून उभा असलेला माणूस कोण हे तिला कळते, तेव्हा ॲटिकस तिची ओळख मिस्टर आर्थर रॅडली यांच्याशी करून देतो. टोपणनाव गळून पडते आणि त्याबरोबर भुताची कथाही. त्याला घरी पोहोचवताना ती मुद्दाम त्याच्या हातात हात घालते. कोणी शेजारणीने खिडकीतून पाहिले तर तो आपल्याला सन्मानाने नेत आहे असे दिसावे, एवढी तिची इच्छा असते. मग त्याच्या ओसरीवर उभी राहून ती स्वतःची आळी त्याच्या जागेवरून पाहते. त्याने आपल्याला इतके दिले आणि आपण त्या झाडात परत काहीच ठेवले नाही, ही तिची खंत मला या कादंबरीतील सर्वांत प्रौढ जाणीव वाटते.

निबंधासाठी चौथे ते आठवे प्रकरण सलग वाचावे आणि त्यानंतर लगेच एकोणतिसावे ते एकतिसावे. मधला खटला दुसऱ्या वाचनात घ्यावा. प्रत्येक ठिकाणी मुले 'बू' म्हणतात की 'आर्थर', आणि ते कोणाच्या तोंडून येते, याची वहीत नोंद ठेवलीत तर आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला टिपणांवाचून लिहिता येईल.