ओढा खोल करायचा की नाही?

प्रश्न: नमस्कार, आमचं गाव निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या वरच्या अंगाला. ओढा माझ्या द्राक्षबागेच्या कडेनं जाऊन कादवेला मिळतो. लव्हाळा, पाणकणीस, झुडपं माजलीयत म्हणून गावात चाललंय की जेसीबी लावून सगळं साफ करू आणि ओढा खोल, सरळ करून घेऊ. पक्ष्यांना त्रास होईल का?

उत्तर: होईल, आणि तुमच्या बांधालाही होईल, म्हणून आधीच सांगते, सरसकट जेसीबी घालू नका. गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, बेटं नि उथळ पाणथळ तयार झाली आणि तिथं पक्षी यायला लागले. 2020 मध्ये हीच जागा महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. चमचा पक्षी बघा कधी निवांत, चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो, म्हणजे त्याला पाय टेकतील एवढंच पाणी लागतं. शेकाट्याचंही तेच. ओढा सरळ केला की पावसात पाणी सुसाट सुटतं, काठ ढासळतात आणि ती माती खाली जाऊन बसते, थोडा गाळ हवाच पण असा लोंढ्यानं आलेला नको.

ज्याला तुम्ही माजलेलं म्हणताय ते लव्हाळ-पाणकणीस शेतातून वाहून येणारं खत अडवतं हो! ते काढलं की नत्र-स्फुरद थेट पाण्यात आणि मग जलपर्णी फोफावते, खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, मासे मरतात. अजून एक, फवारणी झाल्यावर ब्लोअरची टाकी ओढ्यात धुतात ना, ते आधी बंद करायला लावा, माझ्या मते जेसीबीपेक्षा ते जास्त तातडीचं आहे.

पाणी खरंच तुंबत असेल तर उन्हाळ्यात मधला प्रवाह तेवढा हातानं मोकळा करा, दोन्ही काठ तसेच ठेवा, वाळुंज, करंज, उंबर असेल तर तोडू नका. पावसाळ्यात अजिबात हात लावू नका, कमळपक्षी नि पाणकोंबड्या तेव्हाच घरटी करतात. जलपर्णी मात्र काढा आणि काठावर टाकू नका, पहिल्याच पुरात परत पाण्यात जाते, लांब नेऊन खड्ड्यात कुजवा. ओढा अभयारण्याच्या हद्दीजवळ असेल तर कुठलंही काम काढायच्या आधी वन्यजीव विभागाच्या ऑफिसात विचारून घ्या, नुसत्या ग्रामपंचायतीच्या ठरावावर जाऊ नका.