बंगल्यातल्या टेनिस कोर्टवर फी घेऊन क्लास चालवायला परवानगी लागते का? (पुणे)

हो लागते, आणि आधी सोसायटीची एनओसी लेखी घ्या, मग महापालिकेच्या बांधकाम विभागात जाऊन विचारा, कारण प्लॉट निवासी असेल तर पैसे घेऊन रोज क्लास चालवणं हा वापरातला बदल धरला जाऊ शकतो (एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६). मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, असे अर्ज माझ्याच टेबलावर येतात म्हणून सांगतो, कमिटी टेनिसला नाही म्हणत नाही, ती शेजाऱ्याच्या गेटसमोर आडव्या लावलेल्या पालकांच्या ॲक्टिव्हांना आणि सकाळी सहाच्या टक्-टक् ला नाही म्हणते. त्यामुळे अर्जातच लिहून टाका:

- एका बॅचला किती मुलं, कुठले वार, किती ते किती (दुपारी १ ते ४ टाकूच नका, पुणं आहे हे)
- गाड्या आपल्याच आवारात लागतील
- फ्लडलाइट किती वाजता बंद

बाकी शॉप ॲक्टचं सोपं आहे, मोजकीच माणसं कामाला असतील (मूळ कायद्यात मर्यादा दहापेक्षा कमी होती) तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन नुसती सूचना द्यायची. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या पुढे उलाढाल गेली तरच. घरगुती मीटरवर क्लासचे लाइट चालवताय तर महावितरणला आधी विचारा, नाहीतर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली वाढीव बिल येतं.

फक्त बंगला स्वतंत्र प्लॉटवर असेल, सोसायटीच नसेल, तर एनओसीचा प्रश्न येत नाही, पण महापालिका आहेच.