नव्या शहरात फिरायला गेल्यावर चांगला ब्रंच आणि कॉफी कुठे मिळेल, हे कसं शोधायचं?

नुसतं 'बेस्ट कॅफे' शोधू नका. पर्यटनस्थळांजवळच्या, फोटोपुरत्या सजवलेल्या जागाच बहुतेक वेळा वर येतात. गूगल मॅप्सवर 'कॉफी रोस्टर' टाकून बघा. स्वतः बिया भाजणारे लोक कॉफीत सहसा हयगय करत नाहीत. रिव्ह्यू मात्र नवे आधी लावून वाचा, कारण आचारी बदलला तरी जुने स्टार तसेच राहतात.

आत गेल्यावर विक्रीला ठेवलेल्या पाकिटांवर नजर टाका. भाजल्याची तारीख छापलेली आणि ती महिनाभरातली असेल, तर बिनधास्त बसा. मशीनची वाफेची नळीही पाहा, दर कपानंतर पुसतात का ते. वाळलेलं दूध चिकटलेलं दिसलं तर मी मुकाट्याने काळी कॉफी मागवतो.

ब्रंचसाठी तिथल्याच बरिस्ताला, म्हणजे कॉफी बनवणाऱ्याला विचारा, 'सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्वतः कुठे खाता?' ॲपपेक्षा हे उत्तर कामाचं. आणि दोन्ही एकाच ठिकाणी उत्तम मिळावं, हा हट्ट सोडा; फार कमी जागांना ते जमतं.

शनिवार-रविवारी ११ ते १ मध्ये रांग असते, १० च्या आत पोहोचा. उशीर होणार असेल तर फोन करून किचन किती वाजता बंद होतं ते विचारा. ते बऱ्याचदा कॅफेच्या आधीच बंद होतं.